अ‍ॅना मणींची केस: डिग्री नाकारली, मग पुण्यात काय झालं

केस थोडक्यात अशी. साल १९४५, बंगळूर. भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांच्या लॅबमध्ये पाच वर्षं घासलेली अ‍ॅना मणी नावाची तरुण मुलगी आपला प्रबंध बांधून सादर करते. विषय हिरे आणि माणकं, त्यांचे स्पेक्ट्रम, म्हणजे त्यांच्या प्रकाशाचे रंग सुटे करून मिळणाऱ्या रेषा. एकटीच्या नावावर पाच पेपर छापून आलेले. तेव्हा ही संस्था स्वतः डिग्री देत नव्हती, प्रबंध मद्रास विद्यापीठाकडे जायचे, आणि विद्यापीठाने कळवलं की बाईंकडे एम.एस्सी. नाही, सबब पीएचडी देता येत नाही. ऑनर्सची बी.एस्सी. होती, संशोधनासाठी स्कॉलरशिप मिळालेली होती, काम तर समोर बांधून ठेवलेलं होतं, पण रकान्यात एम.एस्सी. नव्हती ना, मग विषय संपला.

बहुतेक ठिकाणी गोष्ट इथेच थांबते. आठ मार्चला व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे मेसेज बघा, डिग्री नाकारली पण हरली नाही, खाली हात जोडलेले इमोजी, झालं. मला याचा वैताग येतो. अन्याय झाला हे खरंच आहे, त्यावर वाद नाही, पण सगळी गोष्ट त्या एका नकाराभोवती फिरवली की बाईंनी नंतरची तीसेक वर्षं केलं काय हे कुणी विचारतच नाही, आणि त्यातली सगळ्यात भरीव वर्षं आपल्या पुण्यात गेली हे तर पुणेकरांनाही माहीत नसतं.

माझा यात संबंध एवढाच की मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालो आणि भोसरीत कॅलिब्रेशनच्या, म्हणजे मोजायची यंत्रं प्रमाणाशी जुळवून तपासायच्या लायनीत लागलो. प्रेशर गेज, थर्मोकपल, वजनं, दिवसभर हेच. विज्ञान दिनाला एखादं कॉलेज बोलावतं तेव्हा मी ही केस मांडतो, कारण मला जे थोडंफार कळतं ते मोजमापातलं, आणि अ‍ॅना मणींची केस मला तरी मोजमापाला आपण फिजिक्स मानतो की नाही याचीच केस वाटते. डिग्रीपेक्षा हा मुद्दा मोठा आहे असं माझं म्हणणं. पोरांना ते लगेच पटत नाही, आणि त्यांचे आक्षेप बरे असतात, म्हणून ते पण खाली घेतलेत.

आधी बंगळूर

जन्म १९१८, त्रावणकोरातलं पीरमेड, सीरियन ख्रिश्चन घर, वडील सिव्हिल इंजिनिअर, वेलदोड्याचे मळे. म्हणजे खाऊनपिऊन सुखी. त्या घरात आठव्या वाढदिवसाला मुलीला हिऱ्याच्या कुड्या द्यायची पद्धत होती आणि हिने कुड्या नको म्हणून एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाचे खंड मागितले, हा किस्सा सगळीकडे सापडतो. पुढे संशोधनाची पहिली पाच वर्षं गेली ती हिऱ्यांवरच, ही गंमत मात्र कुणी सांगत नाही.

रामन यांच्याकडे हिऱ्यांचा मोठा संग्रह होता. अ‍ॅना मणींनी त्यातले तीसेक हिरे घेऊन त्यांची प्रतिदीप्ती (प्रकाश पडल्यावर हिऱ्याने स्वतः उजळणं), शोषण आणि रामन स्पेक्ट्रम नोंदवले. हे ऐकायला सोपं वाटतं. प्रकाश इतका मंद की फोटोच्या प्लेटवर रेषा उमटायला पंधरा पंधरा, वीस वीस तास एक्स्पोजर द्यायचं, हिरा द्रवरूप हवेच्या तापमानाला थंड ठेवायचा, आणि एवढा वेळ उपकरण जरासुद्धा हलू द्यायचं नाही. रात्र रात्र लॅबमध्येच. त्या काळात स्फटिकातले अणू कसे थरथरतात यावर रामन आणि माक्स बॉर्न यांचं जोरदार वाजलेलं होतं आणि हिऱ्याचे स्पेक्ट्रम हा त्या भांडणातला मुख्य पुरावा, त्यामुळे हे काही कोपऱ्यात बसवून दिलेलं किरकोळ काम नव्हतं.

रामन यांच्याकडे बायकांची स्थिती काय होती याबद्दल मराठी वाचकाला कमलाबाई सोहोनींची गोष्ट ठाऊक असते. १९३३ मध्ये संस्थेचे संचालक असलेल्या रामन यांनी केवळ बाई म्हणून संस्थेत प्रवेश नाकारला, कमलाबाई (तेव्हाच्या भागवत) अडून बसल्या, मग एक वर्ष बघू म्हणत घेतलं. अ‍ॅना मणी १९४० मध्ये आल्या तेव्हा ते दार उघडलेलं होतं. पण आत स्त्री-पुरुषांनी एकमेकांत मिसळायचं नाही असा दंडक होता. आता विचार करा, लॅबमधलं निम्मं शिक्षण चहाच्या टपरीवर आणि शेजारच्या टेबलाशी वाद घालून होतं, आणि तेच बंद. तुम्ही एकटे, तुमचा हिरा आणि तुमची प्लेट. पाच पेपर एकटीच्या नावावर, याचं कौतुक करताना ते एकटेपण कुठून आलं हेही बघावं असं मला वाटतं.

मग १९४५ चा नकार, आणि लगेच परदेशी शिक्षणाची सरकारी स्कॉलरशिप. बाईंना फिजिक्स करायचं होतं. पण तिथे मिळालं ते हवामानाच्या उपकरणांचं प्रशिक्षण, लंडनच्या इंपीरियल कॉलेजला. गेल्या. हे वळण लक्षात ठेवा, कारण यात बाईंची निवड फारशी नव्हती, उपकरणं त्यांच्या पदरात पडली.

पुणे, १९४८

शिवाजीनगरला सिमला ऑफिस चौक आहे, रोज हजारो लोक तिथून जातात, सिग्नलला शिव्या घालतात, आणि सिमल्याचा पुण्याशी काय संबंध हा विचार कुणी करत नाही. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आलं म्हणून ते नाव. मुख्यालय १९४४ मध्ये दिल्लीला गेलं, पण खात्याची उपकरणांची बाजू पुण्यातच राहिली, आणि १९४८ मध्ये अ‍ॅना मणी इंग्लंडहून परत येऊन तिथे रुजू झाल्या.

तेव्हाची परिस्थिती अशी की पाऊस मोजायचं साधं भांडंसुद्धा विलायतेहून यायचं. देश मोकळा झालाय, मान्सूनवर सगळी शेती, आणि पाऊस किती पडला हे सांगणारं यंत्र बोटीने येणार. उपकरण विभागाचे प्रमुख एस. पी. वेंकटेश्वरन यांनी ठरवलं की हे सगळं इथेच करायचं, वर्कशॉप उभं केलं, आणि त्यात अ‍ॅना मणी आल्या. १९५३ पर्यंत विभाग त्यांच्या हाताखाली आला, आणि त्यात १२१ पुरुष होते. पन्नासच्या दशकातलं पुणं डोळ्यासमोर आणा, मल्याळी ख्रिश्चन बाई, खादीची साडी, आणि समोर फिटर, टर्नर, मेकॅनिक, ड्राफ्ट्समन अशी फौज. त्यांनी ती कशी चालवली, तर ड्रॉइंगवरून चालवली. जवळजवळ शंभर वेगवेगळ्या उपकरणांची प्रमाणित ड्रॉइंग त्यांनी तयार करून घेतली आणि मग उत्पादन सुरू केलं.

ड्रॉइंग म्हटलं की कॉलेजची पोरं जांभया देतात. मी थांबतो तिथेच. वर्कशॉपला जाऊन आलेल्या माणसाला विचारा, ड्रॉइंग नसेल तर पहिला पीस उत्तम होतो, दहावा बरा होतो आणि पन्नासावा पहिल्याशी जुळत नाही. एक उत्तम उपकरण बनवणं हे कारागिराचं काम झालं. जैसलमेरचा पर्जन्यमापक आणि चेरापुंजीचा पर्जन्यमापक एकच भाषा बोलतील अशी शंभर उपकरणं बनवायची म्हणजे तुम्ही आख्ख्या देशाचं मोजमाप एका पायावर आणताय. चुकीचं मोजण्यापेक्षा न मोजलेलं बरं, असं बाईंचं मत होतं, आणि ते फार कडक मत आहे, कारण सरकारी खात्यात रकाना रिकामा ठेवायला कोण तयार होतं हो?

उन्हाचं माप

या केसमधला माझा सगळ्यात आवडता भाग हा, म्हणून जरा जास्त लिहितो.

ऊन मोजणं म्हणजे एका चौरस मीटरवर किती वॅट ऊर्जा पडते ते सांगणं. त्यासाठी पायरॅनोमीटर नावाचं यंत्र असतं, काचेच्या घुमटाखाली काळा पृष्ठभाग, तो उन्हात तापतो, खाली थर्मोपाइल त्या तापमानफरकाचा व्होल्टेज देते. आजच्या चांगल्या यंत्रात एका वॅटला साधारण दहा मायक्रोव्होल्ट, म्हणजे टळटळीत दुपारी सगळं मिळून दहा मिलिव्होल्टच्या आसपास. एवढासा सिग्नल. त्यात काच मळली, काळा रंग उडाला, यंत्र तिरकं बसलं, वायरच्या जोडावर गंज आला, की तुमचं ऊन पाच टक्के इकडेतिकडे.

मग हे यंत्र बरोबर आहे हे कशावरून ठरवायचं? त्याला वरचं प्रमाण लागतं. त्या काळात ते प्रमाण म्हणजे आँगस्ट्रॉमचा पायरहेलिओमीटर. त्याची युक्ती इतकी सुंदर आहे की मी दर वेळी फळ्यावर काढतो. दोन सारख्या पातळ धातूच्या पट्ट्या, काळ्या केलेल्या. एक थेट उन्हात, दुसरी सावलीत. सावलीतल्या पट्टीतून करंट सोडून ती तापवायची, आणि दोन्हींचं तापमान अगदी सारखं झालं की करंट वाचायचा. जेवढी वीज सावलीतल्या पट्टीला लागली तेवढंच ऊन दुसरीवर पडत होतं. ऊन मोजायचं होतं, मोजली वीज. आणि पायरॅनोमीटर याच्याशी जुळवताना त्याच्या घुमटावर चकतीने सावली धरायची, मग काढायची, सावलीतलं आणि उन्हातलं वाचन यांचा फरक म्हणजे थेट सूर्याचा भाग, त्याला सूर्याच्या कोनाचा हिशोब लावायचा की झालं. अर्थात आकाश स्वच्छ पाहिजे. पुण्याचा हिवाळा याला मस्त, जून ते सप्टेंबर विसरून जा.

पण खरी गोम पुढे आहे. पन्नासच्या दशकाच्या मध्यापर्यंत जगात उन्हाच्या दोन मापपट्ट्या चालू होत्या, एक आँगस्ट्रॉमची, दुसरी अमेरिकेतल्या स्मिथसोनियनची, आणि दोघींत साडेतीन टक्क्यांचा फरक. एकच सूर्य, दोन आकडे. १९५६ मध्ये तोडगा निघाला, आँगस्ट्रॉमच्या पट्टीवरचे आकडे दीड टक्क्याने वाढवायचे, स्मिथसोनियनचे दोन टक्क्यांनी कमी करायचे, आणि १ जानेवारी १९५७ पासून सगळ्यांनी ही नवी पट्टी वापरायची. आणि १९५७-५८ म्हणजे आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्ष, ज्यासाठी अ‍ॅना मणी देशभर सौर किरण मोजणाऱ्या केंद्रांचं जाळं टाकत होत्या. म्हणजे बघा, जगाची मोजपट्टी बदलत असतानाच इकडे देशाचं पहिलं मोठं जाळं उभं राहत होतं. पहिली यंत्रं बाहेरून आणलेली, मग हळूहळू पुण्यात बनवलेली, आणि प्रत्येकाचा आकडा त्याच नव्या पट्टीला बांधलेला. मी या धंद्यातला असल्यामुळे मला यातली डोकेदुखी अंगावर येते. पुण्याची सौर किरण प्रयोगशाळा आज जागतिक हवामान संघटनेच्या आशिया विभागातल्या प्रादेशिक किरणोत्सर्जन केंद्रांपैकी एक आहे, जिचं प्रमाण स्वित्झर्लंडमधल्या दावोसच्या जागतिक केंद्राशी जुळवलेलं असतं. ते आभाळातून पडलेलं नाही.

हे ऐकल्यावर मागच्या बाकावरून हमखास प्रश्न येतो. "सर, हे सगळं भारी आहे, पण हे इंजिनिअरिंग झालं ना? यात फिजिक्स कुठंय?"

बरोब्बर, हाच तो प्रश्न.

इंजिनिअरिंग म्हणा, पण मग सगळ्यांनाच म्हणा

आँगस्ट्रॉमने पट्ट्यांचं यंत्र केलं, त्याचं नाव यंत्रावर आहे. गॉर्डन डॉबसनने विसाव्या शतकात विशीच्या दशकात ओझोन मोजायचा स्पेक्ट्रोफोटोमीटर केला, त्याचं नाव तर एककावरच बसलं, आजही ओझोन डॉबसन युनिटमध्ये मोजतात, ३०० डॉबसन म्हणजे डोक्यावरचा सगळा ओझोन खाली आणून पसरला तर ३ मिलिमीटरचा थर. हवामान खात्याच्या आवारात पांढरी झडपांची लाकडी पेटी दिसते ना, थर्मामीटर ठेवायची, ती स्टीव्हन्सन स्क्रीन, टॉमस स्टीव्हन्सनच्या नावाची, आणि तो होता दीपस्तंभ बांधणारा इंजिनिअर. म्हणजे उपकरणवाल्याचं नाव राहत नाही असा काही नियम नाही. राहतं की, चांगलं शंभर वर्षं राहतं.

आता अ‍ॅना मणींचा ओझोनसाँड घ्या. हायड्रोजनच्या फुग्याला बांधून वर सोडायचं यंत्र, तीसेक किलोमीटर उंचीपर्यंत जातं. आत छोटा पंप, हवा पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणातून बुडबुडत जाते, ओझोन आयोडीन मोकळं करतो, त्यातून बारीकसा करंट येतो, तो रेडिओने खाली. डॉबसनचं यंत्र एकूण ओझोन किती ते सांगतं, साँड सांगतो कुठल्या उंचीला किती. साठच्या दशकात हे पुण्यात विकसित झालं, पुढे भारतीय मोहिमांबरोबर अंटार्क्टिकालाही गेलं. याच जातीच्या परदेशी यंत्राला ब्रूअर-मास्ट असं माणसांचं नाव आहे. आपल्याला काय म्हणतात? इंडियन ओझोनसाँड. देशाचं नाव लागलं हे छानच, मीही खूश होतो, पण मग बाई त्यात विरघळूनच गेल्या की.

प्रामाणिकपणे दुसरी बाजू सांगतो. शंभरपैकी बरीच उपकरणं मुळात दुसऱ्यांनी शोधलेली होती, अ‍ॅना मणींनी ती इथल्या मालात, इथल्या हातांनी, इथल्या हवेत टिकतील अशी केली. शोध आणि प्रमाणीकरण एक नाही, मान्य. आणि आपल्या क्षेत्रात बाई अगदी दुर्लक्षित होत्या असंही नाही, आंतरराष्ट्रीय ओझोन आयोगावर होत्या, जागतिक हवामान संघटनेच्या समित्यांवर होत्या, १९६९ मध्ये खात्याच्या उपमहासंचालक होऊन दिल्लीला गेल्या, १९७६ ला रिटायर झाल्या, १९८७ मध्ये भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीचं रामनाथन पदक मिळालं. हवामानवाल्यांना त्या माहीत होत्या. फिजिक्सवाल्यांना नव्हत्या. केस तिथे आहे.

डिग्री असती तर?

दुसरा आक्षेप मुलींकडून येतो, की सर तुम्ही डिग्रीचा मुद्दा उगाच हलका करताय, पीएचडी असती तर त्या विद्यापीठात गेल्या असत्या, स्पेक्ट्रोस्कोपी केली असती, विद्यार्थी घडवले असते. शक्य आहे. पण ताळा करून बघायला आपल्याकडे एक दुसरं उदाहरण आहे, बिभा चौधुरी. वय जवळपास तेच, जन्म १९१३, कलकत्ता. देवेंद्रमोहन बोस यांच्याबरोबर बोस इन्स्टिट्यूटमध्ये काम. दोघांनी फोटोच्या प्लेट दार्जिलिंगला, संदकफूला आणि तिबेटातल्या फारी जोंगला उंचावर महिनोन् महिने ठेवल्या, अंतराळातून येणारे वैश्विक किरण त्यांवर आपले माग सोडून गेले, आणि त्या मागांवरून नव्या कणाचं वस्तुमान काढलं, इलेक्ट्रॉनच्या सुमारे दोनशे पट. १९४१ च्या आसपास हे पेपर नेचरमध्ये आले. पुढे जायला जास्त संवेदनशील प्लेट हव्या होत्या, त्या युद्धामुळे मिळाल्या नाहीत. तिकडे ब्रिस्टलला सेसिल पॉवेलना सुधारित प्लेट मिळाल्या, १९४७ मध्ये पायॉन नावाचा कण सापडला, १९५० चं नोबेल एकट्या पॉवेलना. आणि त्याच नोबेलच्या मागे आणखी एक बाई आहे, व्हिएन्नाची मारिएटा ब्लाऊ, जिने या प्लेटची पद्धत घडवण्यात वर्षं घातली, १९३७ मध्ये हेर्टा वाम्बाखरबरोबर प्लेटवर फुटलेल्या अणुगर्भाच्या चांदण्या दाखवल्या, आणि ज्यू असल्यामुळे १९३८ मध्ये घरदार, लॅब, सगळं सोडून पळावं लागलं.

तर बिभा चौधुरींकडे मँचेस्टरची पीएचडी होती. मार्गदर्शक कोण, तर १९४८ चे नोबेलवाले पॅट्रिक ब्लॅकेट. १९४९ मध्ये होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्या पहिल्या स्त्री संशोधक. डिग्री, मार्गदर्शक, संस्था, सगळं ए वन. १९९१ मध्ये गेल्या तेव्हा किती जणांना कळलं असेल? २०१९ मध्ये एका ताऱ्याला बिभा नाव मिळालं तेव्हा लोकांनी शोधाशोध केली. म्हणून म्हणतो, एम.एस्सी.चा रिकामा रकाना हे अर्धंच कारण आहे. दोघींचं काम एकाच जातीचं होतं, प्लेट उघड्या ठेवणं, सूक्ष्मदर्शकाखाली माग मोजणं, यंत्र जुळवणं, म्हणजे संयमाचं. अशा कामाला आपल्याकडे चिकाटी म्हणतात, प्रतिभा म्हणत नाहीत, आणि चिकाटीवर कुणी अध्याय लिहीत नाही.

इथे अल्पसंख्य हा शब्द आला की लोक सगळ्यांना एका पिशवीत टाकतात, त्याबद्दल थोडं. अ‍ॅना मणी धर्माने अल्पसंख्य, पण घर सधन, पुस्तकांनी भरलेलं. मेघनाद साहा बघा, ढाक्याजवळच्या खेड्यातला, किरकोळ दुकानदाराचा मुलगा, जात खालची मानलेली, कलकत्त्याच्या हॉस्टेलमध्ये वरच्या जातीच्या पोरांनी पंगतीला बसू दिलं नाही. त्याच साहांनी १९२० मध्ये आयनीभवनाचं समीकरण दिलं, कुठल्या तापमानाला किती अणू इलेक्ट्रॉन गमावतात ते सांगणारं. आणि १९२५ मध्ये सेसिलिया पेन नावाच्या मुलीने तेच समीकरण ताऱ्यांच्या स्पेक्ट्रमला लावून दाखवलं की तारे मुख्यत्वे हायड्रोजनचे आहेत. तेव्हाचे मोठे खगोलज्ञ हेन्री नॉरिस रसेल म्हणाले हे शक्य नाही, म्हणून तिने स्वतःच्याच प्रबंधात हा निष्कर्ष बहुधा खरा नसावा असं लिहिलं. चार वर्षांनी रसेलच त्या निष्कर्षाला येऊन पोचले. पंगतीतून उठवलेला माणूस आणि आपलाच निष्कर्ष खोडायला लागलेली बाई, दोघांच्या कामातून ताऱ्यांची घडण कळली. पण साहांची अडचण आणि पेनची अडचण एक नव्हती, आणि अ‍ॅना मणींची तर तिसरीच. पंगतीतून उठवणं आणि रकाना रिकामा म्हणून परत पाठवणं यात फरक आहे, तो पुसू नये.

बाईंचं स्वतःचं म्हणणं

आता केसमधला सगळ्यात अवघड भाग. अ‍ॅना मणींना हे सगळं मान्यच नव्हतं. पुढे मुलाखतींत विचारलं गेलं तेव्हा त्यांनी बाई म्हणून अन्याय झाला हा सूर धरला नाही, पीएचडी नसल्याने काही बिघडलं नाही असंच म्हणाल्या, आणि बायका आणि विज्ञान यावर एवढा गाजावाजा कशाला असाच त्यांचा पवित्रा होता. लॅबमध्ये एखाद्या बाईकडून छोटी चूक झाली की ती बाईपणाच्या खात्यावर लावली जायची, हेही त्याच सांगतात, पण रडगाणं नाही.

मग आपण कोण त्यांच्या वतीने तक्रार करणारे? एका कॉलेजात एक मुलगी यावर फार नेमकं बोलली. म्हणाली, "सर, माझी आजीसुद्धा म्हणते तिला काही त्रास झाला नाही. पण आजोबांच्या आधी जेवायला बसत नव्हती हेही तीच सांगते." वर्ग हसला. मला त्याहून चांगलं उत्तर सुचत नाही. बाईंचा स्वाभिमान त्यांचा, तो तसाच ठेवू. रकाना कुणी रिकामा धरला आणि मिसळायची बंदी कुणी घातली, त्याचा हिशोब बाईंच्या मनःस्थितीवर अवलंबून नाही, तो वेगळा मांडता येतो.

पुण्यापुरतं सांगायचं तर तुलनेला रोहिणी गोडबोले आहेत. जन्म १९५२, पुणं, शाळा हुजूरपागा, मग एस.पी. कॉलेज, मुंबईची आयआयटी, अमेरिकेत स्टोनी ब्रूकला १९७९ मध्ये पीएचडी, आणि पुढे त्याच बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक. कोलायडरमध्ये, म्हणजे कण एकमेकांवर आदळवायच्या यंत्रात, फोटॉन (प्रकाशाचा कण) फोटॉनवर आदळल्यावर होणाऱ्या गोंधळाचा जो हिशोब त्यांनी मानुएल ड्रीसबरोबर मांडला त्याला ड्रीस-गोडबोले परिणाम म्हणतात. नाव लागलं, बघा. शाळेत असताना राष्ट्रीय विज्ञान प्रज्ञा शिष्यवृत्ती मिळवली आणि वाट उघडली, म्हणजे यावेळी रकाना भरलेला होता. पण तरी त्यांनी अर्धं आयुष्य विज्ञानातल्या बायकांच्या नोकऱ्या, रजा, निवड समित्या या भांडणात घातलं, भारतीय शास्त्रज्ञ स्त्रियांवर पुस्तक संपादित केलं, पद्मश्री २०१९ ला मिळाली, २०२४ च्या ऑक्टोबरात पुण्यातच गेल्या. मणी म्हणाल्या गाजावाजा नको, गोडबोले म्हणाल्या बोललंच पाहिजे. मला गोडबोलेंचं जास्त पटतं, कारण गप्प राहून अ‍ॅना मणींना स्वतःला चाललं असेल, मागून येणारीला ते चालेलच असं नाही.

आणि पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या आवारात कुंडाजवळ चार पुतळे आहेत, आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन, आइन्स्टाइन. चौघं थोरच. एकदा जाऊन बघा आणि पाचवा कुणाचा लावाल ते ठरवा, मी पोरांना एवढंच सांगतो, भांडण आपोआप सुरू होतं.

निकाल काय लावायचा

रिटायर झाल्यावर अ‍ॅना मणी बंगळूरला रामन संशोधन संस्थेत तीन वर्षं अभ्यागत प्राध्यापक होत्या. नाकारलेला प्रबंध त्याच संस्थेच्या ग्रंथालयात आहे, बाकीच्या प्रबंधांसारखाच बांधलेला, बाहेरून फरक कळत नाही. १९८० मध्ये त्यांनी देशभरच्या सौर किरणांची आकडेवारी जाडजूड ग्रंथात आणली, तेव्हा सोसायटीच्या गच्चीवर पॅनल लावायची कल्पनाही कुणाला नव्हती. आज वेंडर येऊन तुमच्या छतावर वर्षाला किती युनिट निघतील याचा कागद देतो, त्यातल्या आकड्यांची मुळं शोधत गेलात तर अशा जमिनीवरच्या मोजणीपाशी पोचता.

कॉलेजात शेवटी मी विचारतो, काय करायला हवं. ठरलेलं उत्तर येतं, विद्यापीठाने आता मरणोत्तर पीएचडी द्यावी. मी याच्या विरोधात आहे. त्याने विद्यापीठाचं पाप धुतलं जाईल, बाईंच्या कामात काडीची भर पडणार नाही, आणि लोक परत त्याच नकाराची गोष्ट सांगत बसतील. त्यापेक्षा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आँगस्ट्रॉमच्या दोन पट्ट्यांचा प्रयोग लावा, हिवाळ्यात, गच्चीवर, हिशोबात त्रुटी किती ते काढायला लावा, आणि जर्नलमध्ये पुण्यातून देशाचं जाळं कुणी उभं केलं ते एका ओळीत लिहायला सांगा. आणि ओझोनसाँडला मणी साँड म्हणा.

यावर मागच्या बाकावरचा तोच पोरगा म्हणाला, "सर, बाईंनाच ते आवडलं नसतं."

नसेलच आवडलं. डॉबसनला कुणी विचारलं होतं का?